दोन ओळींची कार्डं

कौसाबाई,

तुझ्या गावाहून परवा जे कार्ड आलं ते तू सांगून लिहिलेलं नव्हतं. अक्षर गुरुजींचंच होतं, उजवीकडे कललेलं. पण वरचा कोपरा फाडलेला होता, आणि पोस्टमनने ते नेहमीसारखं उंबऱ्याच्या आत सरकवलं नाही. पायरीवर उभं राहून माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. कुणी गेल्याची बातमी असली की आपल्याकडे कार्डाचा कोपरा फाडतात, वाचणाऱ्याला आधीच कळावं म्हणून. असलं कार्ड बाहेरच वाचायचं, बाहेरच फाडून टाकायचं, घरात घ्यायचं नाही. मी ते घरात घेतलं आणि तुझ्या बाकीच्या कार्डांवर ठेवलं. आमचे हे म्हणाले, "अगं, ते ठेवू नये." मी म्हटलं, "राहू दे."

तीन दिवस ताप आला आणि गेली, एवढंच लिहिलं होतं. शिवाय दहावा कधी ते. मला आधी रडू नाही आलं, राग आला. पस्तिशीसुद्धा न गाठलेल्या बाईने तापाचं निमित्त होऊन जायचं म्हणजे काय, असं मी त्या कार्डालाच मोठ्याने विचारलं. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. शाळेत मुली मला टरकून असतात, घरात हे टरकून असतात, आणि तू तर पहिल्या दिवसापासून टरकून होतीस.

आज हे लिहिताना पहिल्यांदाच आपल्या दोघींमधे गुरुजी नाहीत. इतकी वर्षं मी जे लिहिलं ते त्यांच्या तोंडून तुला ऐकू जाणार हे धरून लिहिलं. तिसरा माणूस वाचणार म्हटलं की बाई आपली इस्त्रीची साडी नेसूनच लिहायला बसते. तुझ्याशी साधं, घरातलं बोलायचं राहूनच गेलं.

तू मला पहिल्यांदा पाहिलंस तेव्हाही मी रागावलेलीच होते. आमचे हे कारखान्याच्या काट्यावर कारकून. उसाच्या गाड्या वजन करून आत सोडायच्या हे त्यांचं काम. एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळीतल्या एका बाईला जुळ्या मुली झाल्यात आणि त्यातली एक दूधच पीत नाही. आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुधाची बाटली घेऊन तुमच्या तळावर आले. पाचटाच्या कोपीपुढं बसून तू कोयत्याला धार लावत होतीस. बारा दिवसांची बाळंतीण. दोन मुलगे कुठंतरी बैलांमागं, आणि वाकळेवर या दोघी. एक पाय झाडत होती, दुसरी गप्प पडून होती.

"ही सोनी, अन् ती रुपी," तू म्हणालीस. "रुपी काय जगायची न्हाई, बाई." आणि पुन्हा कोयता घासायला लागलीस.

मी भडकले. म्हटलं, "जगायची नाही म्हणजे? आण ती इकडं." आठ दिवसांसाठी नेते म्हणून मी तिला पदराखाली घेऊन आले. आठाचे पंधरा झाले, पंधराचे तीन महिने. तू रोज फडातून परतताना सोनीला कडेवर घेऊन यायचीस आणि दारातच उभी राहायचीस, अंगावर पाचटाची टोचरी कूस आहे म्हणून. मी "आत ये" म्हणायचे, पण असं म्हणायचे की माणूस येणार नाही. हे तेव्हा मला कळत नव्हतं असं नाही.

चैत्रात पट्टा पडला, कारखाना बंद झाला. तुमच्या गाड्या भरल्या आणि तू रुपीला न्यायला आलीस. ती माझ्या खांद्यावर झोपली होती. मी तिला तुझ्याकडे द्यायला हात पुढं केले ते माझेच मला जड झाले. तू किती वेळ नुसती बघत उभी होतीस. मग म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या, बाई. एक तुमी वाढवा, एक मी वाढवते." पाच माणसांसमोर माझ्या ओटीत नारळ घातलास, वर पोर ठेवलीस. तुझे मालक तोंड फिरवून बैलांचे कासरे सोडत बसले. मला हवं ते मिळालं होतं, आणि त्या क्षणी मला पहिली भीती वाटली ती ही, की उद्या हिने परत मागितली तर?

म्हणून अटी मी घातल्या. पुन्हा आमच्या कारखान्यावर यायचं नाही, दुसरीकडे जा. घरी यायचं नाही. मुलीला काही सांगायचं नाही. तू सगळ्याला "व्हय" म्हणालीस. तुझी अट एकच होती, महिन्याला एक कार्ड. "खुशाली कळली म्हंजी झालं," म्हणालीस. मला तेव्हा वाटलं, फार सोप्यात सुटले.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी लिहायला बसायचे. तुमच्या गावच्या शाळेतले गुरुजी ते तुला वाचून दाखवायचे आणि तू सांगशील तसं उत्तर लिहायचे. अगदी तू बोलशील तसं. शिक्षक असून हा माणूस शुद्ध करून का लिहीत नाही, याचा मला संताप यायचा. आता त्यांचे उपकार वाटतात. त्यांनी शुद्ध केलं असतं तर तुझं बोलणं माझ्याकडे राहिलं नसतं. तोडणीला गेलात की सहा महिने तुझं उत्तर नसायचं. माझी कार्डं तुझी सासू देवळीत सांभाळून ठेवायची आणि तू परतलीस की गुरुजी एका बैठकीत सगळी वाचायचे. तुझ्यासाठी पोरगी एका दुपारी सहा महिन्यांनी मोठी व्हायची.

आपलं भांडण झालं ते नावावरून. मी तिचं नाव वसुधा ठेवलं आणि तू प्रत्येक कार्डात विचारायचीस, "रुपी कशी हाय?" मी लिहिलं, तिचं नाव वसुधा आहे, तेच लिहावे. पुढच्या कार्डात आलं, "वसुदा कशी हाय? घरात आमी रुपीच म्हंतो, त्येची माफी असावी." मी त्याला उत्तर दिलं नाही. तुझ्या घरात तू तिला काय म्हणतेस यावर माझा हक्क नाही हे मला कळत होतं, आणि तेच मला खुपत होतं. अमावस्येला मीठ-मोहऱ्या उतरवून टाका असंही तू दर वेळी सांगायचीस. आम्ही असलं काही मानत नाही, असं मी ठणकावून लिहिलं. तरी तू सांगणं सोडलं नाहीस. हे भांडण तसंच राहिलं, कौसाबाई. दोघींपैकी कुणीच मागं हटलं नाही.

मला दुसऱ्याही एका गोष्टीचा राग यायचा. मी लिहिलं, वसूचा पुढचा दात पडला. तुझं उत्तर, "सोनीचाबी दात पडला. कौलावर फेकला तिनं." मी लिहिलं, वसूला कारलं आवडतं, एवढ्या लहान मुलीला कारलं आवडलेलं मी पाहिलं नाही. तुझं उत्तर, "सोनीबी कारलं खाती." वसू पावसात शाळेतून भिजत आली आणि तिला खोकला झाला, तर सोनीलाही खोकला. मी ह्यांना म्हटलं, "बघा, बरोबरी चाललीय. आपल्या पोरीचं जे जे, ते हिच्या पोरीचं." हे म्हणाले, "जुळ्या आहेत, असतील सारख्या." मी म्हटलं, "कारल्यापर्यंत?" ते हसले. मी हसले नाही. हिला आपल्या मुलीचं आपलं असं सांगायला काहीच नाही का, असं वाटून तुझी कीवही केली.

आता त्या उन्हाळ्याचं बोलायला हवं. गेल्या साली, दुष्काळात. तुमच्याकडे प्यायला पाणी नव्हतं, तुम्ही सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होता. इकडे वसूचा पहिलीचा निकाल लागला आणि ती वर्गात पहिली आली. मी कार्ड लिहायला घेतलं, आनंदात होते, भराभर लिहिलं, आणि टाक झटकताना वरच्या कोपऱ्यावर शाईचा मोठा डाग पडला. मला डाग खपत नाही. मुलींच्या वह्यांचा डागाळलेला कोपराही मी फाडून टाकते. तसा तो फाडला, अगदी सरळ रेषेत, आणि कार्ड पेटीत टाकलं. रीत मला माहीत नव्हती असं कसं म्हणू? माझ्या डोक्यातच आलं नाही. आत लिहिलंय ते चांगलं आहे ना, मग कोपऱ्याकडे कोण बघतं, हा वाचता येणाऱ्या माणसाचा समज. वाचता न येणाऱ्याला कोपराच वाचावा लागतो, हे मला बावीस वर्षं शिकवूनही सुचलं नव्हतं.

तुझ्या सासूने ते कार्ड घरात घेतलंच नाही, बाहेर कुडात खोचून ठेवलं. गुरुजी सुट्टीत त्यांच्या गावी गेले होते. तू कामावरून आलीस, कार्ड पाहिलंस, माझं अक्षर ओळखलंस आणि पाटी तिथंच टाकून निघालीस. पाथर्डीपर्यंत पायी, तिथून नगर, नगरहून राहुरी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दार उघडलं तर तू पायरीवर. केसात खडीची धूळ, ओठ फुटलेले, हातात ते कार्ड. मला बघून तू उठायला गेलीस आणि तुला उठताच येईना.

आणि मी काय म्हणाले? "तू कशाला आलीस? काय ठरलं होतं आपलं?"

"बाई, कोपरा..." एवढंच तुला बोलता आलं.

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी हसले, कौसाबाई. ओशाळून हसले, पण हसलेच. म्हटलं, "अगं, शाई सांडली म्हणून फाडला मी. आत बघ, पहिला नंबर आलाय तिचा. एसटीत इतकी माणसं असतात, एखाद्याकडून वाचून नाही का घ्यायचं?"

"भ्या वाटलं, बाई," तू म्हणालीस. "कुनी वाचलं असतं अन् खरंच निघालं असतं तर?"

तेवढ्यात वसू परसातून पळत आली आणि कोण आलंय ते बघत उभी राहिली. मी म्हटलं, गावाकडच्या बाई आहेत. तू तिला नाव विचारलंस. तिने शाळेत सांगतात तसं वडिलांच्या नावासकट, आडनावासकट सांगितलं. तू म्हणालीस, "लई चांगलं हाय." मग तुझी नजर तिच्या सुटलेल्या केसांवर गेली. "येणी घालू का हिची?" तू मला विचारलंस, तिला नाही. मी म्हटलं, "नको, मी घालीन." का नको? पाच मिनिटांचं तर काम होतं. त्या पाच मिनिटांत तुझे हात तिच्या डोक्याला लागले असते आणि तिला ते आवडले असते, ही माझी भीती. आज ते लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते लिहिते.

वसूला मी शेजारी पाठवलं. तुला स्वयंपाकघरात बसवून भाकरी वाढली, चहा दिला. सोनी कशी आहे म्हणून विचारलं. "बरी हाय. म्हातारीपाशी ठिवून आले," तू म्हणालीस. आणि मग मी ते वाक्य बोलले. शांतपणे बोलले, शाळेत एखादीला समजावून सांगते तशी. म्हणाले, "हे बघ कौसाबाई, तुझी एक तुझ्यापाशी आहेच ना. माझी तेवढी मला राहू दे."

तू चहाची बशी खाली ठेवलीस. माझ्याकडे पाहिलंस. म्हणालीस, "व्हय, बाई. हाय की."

तीनच्या गाडीने तू गेलीस. मी दारात उभी राहून तू वळणाआड जाईपर्यंत पाहत होते. मायेने नाही. गेलीस याची खात्री करायला.

त्यानंतर मला धास्तीच बसली. वाटायचं, फार लिहिलं की हिचा जीव ओढ घेणार आणि ही पुन्हा दारात येणार. म्हणून मी कार्डं आखडती घेतली. "वसुधा खुशाल आहे. काळजी नसावी." दोनच ओळी. खाली वर कोरं. कोपरे चारही शाबूत, ते मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दोन ओळी. अट मोडली असं कुणी म्हणू शकलं नसतं. तुझी उत्तरंही मग आटली. "सोनी खुशाल हाय. काळजी नसावी." मला बरंच वाटलं. म्हटलं, समजलं हिला.

दहाव्याला जायचं मी ठरवलं ते ह्यांना विचारून नाही. वसूला घेऊन जाईन म्हटल्यावर हे माझ्याकडे बघतच राहिले. मलाही नीट सांगता आलं नाही का ते. तिला काही सांगायचं मी ठरवलेलं नव्हतं, पण तुझ्या दहाव्याला तिने नसावं हे मला सहन होईना. एका मावशीच्या गावाला जायचंय, एवढं तिला सांगितलं. ती नवा फ्रॉक घालून खिडकीशी बसली आणि नगर येईपर्यंत पाढे म्हणत होती.

तुझं गाव मी आठ वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. यंदा बाजरी चांगली आलीय. तुझ्या घराच्या भिंतीपर्यंत कणसं आहेत. ओढ्यावरचं सगळं आटोपून माणसं घरी परतली होती. मी वसूचा हात धरून अंगणात आले तशी बायकांची कुजबूज थांबली. तुझी सासू भिंतीला टेकून बसली होती. तिने वसूला जवळ बोलावलं, हनुवटीला धरून तिचं तोंड वर केलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "सोनी आता एवढीच झाली असती गं."

मी म्हटलं, "झाली असती म्हणजे? सोनी कुठाय?"

तुझे मालक मुंडण केलेलं डोकं खाली घालून बसले होते. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "सोनीला जाऊन साडेचार वर्सं झाली, बाई. तोडनीवर हुतो. गोवर निघाला, दोन दिसांत खेळ आटपला. तुमाला कळवायचं न्हाई, अशी आन घातली हुती तिनं समद्यांना."

मी तिथंच मातीत बसले. साडेचार वर्षं. म्हणजे वसूचा दात पडला त्याआधी. कारल्याच्या आधी. तू माझ्या स्वयंपाकघरात बसली होतीस, मी "तुझी एक तुझ्यापाशी आहेच ना" म्हणाले, तेव्हा सोनीला जाऊन तीन वर्षं झाली होती. आणि तू "हाय की" म्हणालीस.

गुरुजी नंतर मला बाजूला घेऊन बसले. साधा, सावकाश बोलणारा माणूस. म्हणाले, "मी तिला दर वेळी विचारायचो, कौसाबाई, खरं लिहू का? ती म्हणायची, नको गुरुजी. सोनी गेलेली कळली तर बाईंना वाटंल, आता ही रुपीला परत मागायला येती. त्यांचा जीव खालीवर हुईल. त्यांचा जीव खालीवर झाला तर त्या पोरीला घास ग्वाड लागंल का? शिवाय जुळ्यातलं एक गेलं की दुसऱ्याला वढ लागती म्हंत्यात, ते तरी त्यांच्या कानावर कशाला घाला."

मग त्यांनी दुसरं सांगितलं. माझं कार्ड वाचून झालं की तू डोळे मिटून बसायचीस आणि म्हणायचीस, लिवा गुरुजी, सोनीचाबी दात पडला. लिवा, सोनीबी कारलं खाती. "आधी मला ते खोटं लिहिताना जड जायचं," गुरुजी म्हणाले. "पण तिचा चेहरा बघितला की मी लिहायचो. तुमच्या कार्डांवर ती सोनीला वाढवत होती, बाई. तुमचं कार्ड यायचं तेव्हाच सोनी एका महिन्याने मोठी व्हायची. मग तुमची कार्डं दोन ओळींची झाली. मी वाचून दाखवायचो, ती म्हणायची, मागल्या बाजूला बघा, काही आसंल. मी म्हणायचो, नाही, एवढंच आहे. मग म्हणायची, बरं, तसंच लिवा."

सोळा महिने, कौसाबाई. सोळा कार्डं. एवढ्या जागेत किती मावलं असतं आणि मी ती कोरी पाठवली. माझ्या भीतीपायी मी तुझी सोनी साडेसहा वर्षांची असतानाच अडवून धरली.

परत येताना गाडीत वसूने विचारलं, "सोनी कोण?" मी सांगून टाकलं. तुझी बहीण, म्हटलं. तुम्ही दोघी एका दिवशी जन्मलात. दुष्काळात एक बाई आपल्याकडे आल्या होत्या, आठवतात? त्या तुझ्या आई. तुला त्यांनी जन्म दिला आणि मला दिलं. एवढ्या साध्या तीन-चार वाक्यांसाठी मी आठ वर्षं दारं लावून बसले होते. वसू गप्प राहिली. करंजीचा घाट ओलांडून गाडी सपाटीला लागली तरी गप्प. मग म्हणाली, "मग त्या पुन्हा का नाही आल्या?"

"मी येऊ नका म्हणाले म्हणून," मी सांगितलं.

ती माझ्यापासून सरकून खिडकीला लागून बसली. मी तिला जवळ ओढलं नाही. रागवायचा तिला हक्क आहे. आज सकाळपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलतेय, आणि तेही तुझ्यासारखं, मान खाली घालून. रागावणं तिला तुझं आलेलं नाही, ते माझ्याकडून शिकलीय. पण गप्प बसणं तुझंच आहे. हे मला इतकी वर्षं दिसत होतं आणि मी ते दिसू दिलं नव्हतं.

माफी मागायला मी बसले होते, पण तू "ऱ्हाऊ द्या, बाई" म्हणशील आणि विषय संपवशील, म्हणून माफी मागत नाही. तू मला अशी मुलगी दिलीस की जिच्यामुळे माझं घर घर झालं, हे मी तुला एकदाही लिहिलं नाही. तुझी पोर जाऊनही तू माझी झोप मोडू दिली नाहीस. एवढं मला कुणी दिलेलं नाही, माझ्या आईनेही नाही. हे तुला तुझ्या कानांनी ऐकू जायला हवं होतं.

आता सोळा महिन्यांचं राहिलेलं सगळं सांगते. घाई नाही, कार्ड संपायचं नाही. वसू तिसरीत गेली. वर्गात आता ती पहिली नाही, तिसरी आहे, कारण गणितात धांदरटपणा करते. गेल्या थंडीत तिला कांजिण्या आल्या होत्या, आठ दिवस कडुनिंबाच्या पाल्यावर निजवली, कपाळावर एक व्रण राहिलाय, केसांखाली झाकतो. पोहायला शिकली, कालव्यात, ह्यांनी शिकवलं. पहिले दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी बाहेर यायला तयार होईना. कारलं आता आवडत नाही म्हणते. खोटं बोलताना डावा कान खाजवते. वरच्या पुढच्या दातांत फट आहे, तिथून शीळ घालते आणि माझा ओरडा खाते. एकटी झोपत नाही अजून, माझ्या पदराचं टोक मुठीत लागतं. आणि रागावली की जेवत नाही, पण ताटाजवळून उठतही नाही. आत्ताही तशीच बसलीय, माझ्या समोर. उंची माझ्या कोपराच्या जराशी वर लागते.

सोनीचीही तेवढीच धर.